तोंडी सांगावे, वाचून घ्यावे
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, आता मोबाईलशी नुसतं बोललं तरी सगळं होतंय म्हणतात. मग नोंदीसाठी चिटबॉयची वाट कशाला बघायची? आम्हीच बोलून नोंद टाकतो की!" प्रश्न विचारणारे बहुधा तरुण असतात, पण कान टवकारून उत्तर ऐकणारे असतात ते साठीच्या पुढचे सभासद. त्यांना मोबाईलवर टाईप करता येत नाही, बोटे जाड, अक्षरे बारीक, आणि दर वेळी मुलाला नाहीतर शेजाऱ्याला 'जरा एवढं बघ रे' म्हणावे लागते. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे आम्हांस वाटले, आणि गेले काही आठवडे शेतकी विभागात आम्ही हा बोलका मोबाईल चांगला वापरून पाहिला. त्याची हकिकत सभासदांपुढे ठेवत आहोत.

आपल्या शेतकऱ्याला यंत्राचा आवाज नवा नाही. आकाशवाणीवरचे 'माझं घर माझं शेत' आणि दूरदर्शनचे 'आमची माती आमची माणसं' हे कार्यक्रम आपल्या घराघरांत ऐकले-पाहिले गेले. पण तेथे ते बोलत आणि आपण ऐकत असू. २००४ साली केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर काढले. १८००-१८०-१५५१ या नंबरवर फोन केला की मराठीत विचारता येते. पण तिकडे ऐकणारा माणूसच असतो. आता बोलणारे आपण आणि ऐकणारे यंत्र, असा उलटा प्रकार झाला आहे.

ही विद्या एका दिवसात आलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र केले, त्याला फक्त शून्य ते नऊ हे आकडे कळत. १९६२ साली आयबीएम कंपनीने 'शूबॉक्स' दाखविला, त्याला सोळा शब्द येत. आपल्याकडचा बैल यापेक्षा जास्त शब्द ओळखतो! मराठीची पाळी फार उशिरा आली. गुगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत २०१७ साली मराठी घेतली, २०१८ साली त्यांचा मदतनीस मराठी बोलू लागला, २०२२ साली केंद्र सरकारचे 'भाषिणी' सुरू झाले, आणि २०२४ साली गुगलने 'जेमिनी लाइव्ह' हा थेट गप्पा मारल्यासारखा बोलणारा मदतनीस मराठीत आणीत असल्याचे जाहीर केले. हा शेवटचा प्रकार म्हणजे ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा एआय म्हणतात तो. पूर्वीच्या यंत्राला ठरलेला हुकूम ठरल्या शब्दांत द्यावा लागे. याला आपण आडवेतिडवे बोललो, मध्ये थांबलो, "नाही नाही, तसं नव्हे" म्हणालो, तरी तो सांभाळून घेतो.

यंत्र मराठी शिकले कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण त्याच्या चुका त्यातूनच येतात. पुष्कळ माणसांचा आवाज भरून घ्यायचा, ती माणसे काय बोलली ते अक्षरांत लिहायचे, आणि दोन्ही यंत्रापुढे ठेवायचे. असे हजारो तास झाले म्हणजे कोणत्या आवाजाला कोणता शब्द आणि कोणत्या शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो, हे त्याच्या अंगवळणी पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि आयआयटीने फोनवरून बाजारभाव सांगणाऱ्या यंत्रासाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मराठी आवाज गोळा केले होते. फोन करणाऱ्याने माल आणि बाजारपेठ बोलायची, यंत्राने भाव सांगायचा, अशी ती योजना होती. पुढे २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातली कमी उत्पन्नाची माणसे, शहरातली कमी उत्पन्नाची माणसे आणि विद्यापीठाचे विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तास मराठी भरून घेतली होती. खेड्यातल्या माणसांनी भरून दिलेला आवाज विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. आम्हांला हे वाचून बरे वाटले. पण आश्चर्य वाटले नाही. त्यानंतर मद्रासच्या आयआयटीतील 'एआय फॉर भारत' या गटाने २०२४ साली २२ भाषांचा साठा पुढे आणला. त्यात १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ माणसांचे ७,३४८ तासांचे बोलणे आहे. एवढे झाले तेव्हा कुठे यंत्राला आपले बोलणे कळू लागले.

म्हणजे हे यंत्र ऐकते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते अंदाज बांधते. जो शब्द त्याने जास्त वेळा ऐकलेला, तिकडे त्याचा ओढा. आणि उसाचे शब्द जगात फार थोडी माणसे बोलतात.

याची गंमत आम्हांला पहिल्याच दिवशी आली. एका सभासदाने मोबाईल तोंडाजवळ धरून विचारले, "माझी तोड अजून आली नाही, काय करावे?" यंत्राने 'तोड'चे 'तोंड' केले, आणि तोंड येण्यावर घरगुती उपाय सांगण्यास सुरुवात केली. दुसऱ्याने सांगितले, "जुलैत लागण झाली, आता पुढे काय?" त्याला डॉक्टरला दाखविण्याचा सल्ला मिळाला. करोनाच्या काळात 'लागण' हा शब्द ज्या अर्थाने रात्रंदिवस छापला आणि बोलला गेला, त्याचा हा प्रताप. खोडव्याचा 'गोडवा' झाला. तो एका परीने खरा आहे, पण नोंद वहीत चालणार नाही. मात्र त्याच सभासदाने "उसाची लागण जुलैत केली" असे सांगताच उत्तर नीट आले. यावरून पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, की बोलताना सुरुवातीलाच 'ऊस' हा शब्द घालावा आणि वाक्य पुरे बोलावे. आपल्याला एकमेकांत अर्ध्या वाक्यात कळते, यंत्राला तसे कळत नाही. मोटर चालू असेल, ट्रॅक्टरवर गाणी लागली असतील तर बाजूला जाऊन बोलावे.

शब्दांपेक्षा आकड्यांचा घोटाळा जास्त. मराठी आकडे म्हणजे शाळेत आपल्यालाच घाम फोडणारे प्रकरण. दीड, अडीच, सव्वा, पाऊण, पावणेदोन, साडेतीन ही आपली रोजची भाषा. त्यातले बरेचसे यंत्राला आता कळते. पण 'पावणेदोन एकर' त्याने एकदा १.७५ लिहिले आणि एकदा नुसतेच २. 'शहाऐंशी शून्य बत्तीस' ही जात सांगितली तर ८६०३२ येईल की ८६ आणि ३२ वेगवेगळे येतील, याचा नेम नाही. आणि सगळ्यांत वाईट जोडी म्हणजे सात आणि साठ. जरा घाईत 'साठ आर' म्हटले की 'सात आर' उमटते.

आता हे हसण्यासारखे राहत नाही. साठ आर म्हणजे दीड एकर, आणि सात आर म्हणजे सात गुंठ्यांचा तुकडा. हेक्टरी शंभर टन धरले तर एकीकडे साठ टन ऊस आणि दुसरीकडे सात टन. तोडणी प्रोग्राम नोंदीवरून लागतो. टोळी किती दिवस द्यायची, गाड्या किती लावायच्या, हे सर्व त्या आकड्यावरून ठरते. तसेच तारखेचे. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. तोडीचा क्रम जात आणि लागणीची तारीख पाहून लावतात. 'सात जुलै'चे 'सतरा जुलै' झाले तर क्रमात तुमच्या पुढे किती प्लॉट येऊन बसतील, हे ज्यांचा ऊस कधी एप्रिल-मेपर्यंत उभा राहिला त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. वजन घटते, उतारा घटतो, पाणी मात्र द्यावेच लागते आणि पुढचा खोडवाही मागे पडतो.

म्हणून त्या तरुण सभासदांना आमचे उत्तर असे, की नोंद बोलून टाकण्याची घाई नको. साखर आयुक्तालयाने २०२२ साली 'महा-ऊस नोंदणी' हे ॲप काढले, तेव्हाही त्यात क्षेत्र, लागणीची तारीख वगैरे सर्व माहिती शेतकऱ्याने स्वतः भरायची होती. ज्याची नोंद त्याने नजरेखालून घालावी हे तत्त्व तेथेही आहे. यंत्राने लिहिलेले सभासदाने पाहिले नाही, आणि चिटबॉयने प्लॉटवर येऊन पाहिले नाही, तर चूक सापडणार ती टोळी बांधावर आल्यावर. आपल्याकडे नोंद प्लॉट पाहूनच होईल. बोलक्या मोबाईलने चिटबॉयला सुट्टी मिळणार नाही.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल की मग हे खूळ घ्यायचेच कशाला? तर तसे मुळीच नाही.

आमच्या एका गट ऑफिसात एक सभासद भगिनी आल्या होत्या. मालक वारलेले, शेअर त्यांच्या नावावर, वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. असे अर्ज बाहेरून कोणाकडून लिहून घ्यायचे म्हणजे पैसे द्यायचे, वर चहा पाजायचा, आणि काय लिहिले ते कळत नाही ते वेगळेच. आम्ही त्यांच्याच मोबाईलवर माईकचे चिन्ह दाबून दिले आणि म्हटले, "काकू, जे सांगायचे ते याला सांगा." पहिल्यांदा त्या लाजल्या. मग सुनेशी बोलावे तसे बोलू लागल्या, आणि पाच मिनिटांत मालक कधी गेले, मुले किती, शेअर कोणाच्या नावावर करायचा, सर्व सांगून मोकळ्या झाल्या. यंत्राने त्याचा 'मा. कार्यकारी संचालक साहेब यांचे सेवेशी' म्हणून सुरेख अर्ज तयार केला. आम्ही म्हटले, आता त्यालाच वाचून दाखवायला सांगा. त्यांनी सांगितले. त्याने वाचले. मध्येच काकू म्हणाल्या, "थांब, धाकट्याचं नाव चुकलं." नाव दुरुस्त झाले, पुन्हा वाचून घेतले, मग छापून सही केली. मृत्यूचा दाखला व वारसाचे कागद जोडावे लागतातच, ते काही यंत्र देत नाही. पण अर्जात काय आहे हे अर्जदाराला अक्षर न् अक्षर ठाऊक होते. आमच्या नोकरीत आम्ही असे अर्ज फार थोडे पाहिले आहेत.

ही 'वाचून दाखव' म्हणण्याची सवय फार मोलाची आहे. मोतीबिंदूने नजर गेलेल्यांना, शाळेत न गेलेल्यांना, आणि नाव सातबाऱ्यावर असूनही मोबाईल मुलाच्या हातात असलेल्या भगिनींना ती उपयोगी पडेल. वजनाचा एसएमएस आला तर तो वाचून दाखव म्हणावे. काट्यावरच्या पावतीचा फोटो काढून 'यात निव्वळ वजन किती?' असे विचारावे. पंधरवडा बिलातल्या कपाती एकेक करून समजावून घ्याव्यात. पाण्याच्या पाळीची आठवण तर बोलूनच लावावी: "बारा दिवसांनी सकाळी सहाला सांग, दोन नंबरच्या चारीवरच्या उसाला पाणी." हात चिखलात असले तरी हे होते. आमच्या शेतकी ऑफिसातील संगणकावरही आता काही पत्रे बोलून लिहिली जातात. टायपिंगचा वेग जेमतेम असलेल्या आमच्या एका ओव्हरसियर साहेबांना त्याचा जो आनंद झाला आहे तो विचारू नका.

सल्ल्याच्या बाबतीत मात्र सावध असावे. एकाने विचारले, "ऊस सुरू आहे, नत्र किती द्यावे?" उत्तर आले, २५० किलो. आकडा बरोबर आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश अशी विद्यापीठाची शिफारस आहे. पण हा आकडा हेक्टरी आहे, आणि तो नत्राचा आहे, युरियाचा नव्हे. ऐकणाऱ्याने तो एकराचा धरला तर अडीचपट खत पडेल. उलट कोणी २५० किलो युरियाच हेक्टरी टाकला तर निम्म्याहूनही कमी नत्र मिळेल. खरा हिशेब असा: एकरी १०० किलो नत्र, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे एकरी सुमारे २१७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ पाच गोण्या, त्याही एकदम नव्हे तर चार हप्त्यांत विभागून. दुसऱ्या खतातून नत्र जात असेल तर तेवढे वजा करावे. हाच प्रश्न "एकरी, युरियाच्या किती गोण्या, हिशेब करून सांग" असा विचारल्यावर यंत्राने हिशेब बरोबर मांडला. म्हणजे प्रश्न नीट असला तर उत्तर नीट. पण यंत्राचा सूर चूक सांगतानाही तितकाच ठाम असतो, हा त्याचा मोठा दोष. आपला चिटबॉय ठाऊक नसले की निदान डोके तरी खाजवतो! औषधाचे प्रमाण तर निव्वळ कानाने कधीच घेऊ नये. डब्यावरचे लेबल पाहावे, नाहीतर आम्हांला विचारावे.

सरकारी बाजूनेही सोयी निघाल्या आहेत. पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करण्यासाठी 'किसान ई-मित्र' २०२३ साली सुरू झाले आणि त्यात मराठी आहे. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' ॲप काढले, त्यातही मराठीत प्रश्न विचारता येतात. शेतीसल्ल्यासाठी खासगी मदतनिसापेक्षा आधी तेथे विचारावे असे आमचे मत आहे, कारण तेथील सल्ल्याचा पाया आपल्याकडच्या शिफारशी हा आहे. बारामतीला कृषी विकास ट्रस्टने उसात एआयचा जो प्रयोग केला, तो आणि हा प्रकार एक नव्हे. तेथे उपग्रह, जमिनीतील सेन्सर आणि हवामान केंद्र यांवरून पाणी-खताचा सल्ला दिला जातो. त्याबद्दल सभासदांचे बरेच प्रश्न आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आता पैशाचे. हे मदतनीस आता नुसते लिहून थांबत नाहीत. सांगितले तर फोन लावतात, व्हॉट्सॲपवर निरोप पाठवितात, ॲप उघडून देतात. पुढे पुढे ते आपल्या वतीने आणखी कामे करू लागतील. मुनीम ठेवला म्हणून तिजोरीची किल्ली त्याच्या कनवटीला कोणी देत नाही. बँकेचा पिन, ओटीपी, आधार नंबर हे मोबाईलला बोलून सांगू नयेत. एक तर तो आवाज बहुतेक वेळा दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाऊन परत येतो. आणि दुसरे म्हणजे पारावर बसून मोठ्याने ओटीपी बोलणाऱ्याला चोर शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्यातून कोणीही ओटीपी मागत नाही, हे पुन्हा एकदा सांगतो.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण वेगळी आहे. निफाड-दिंडोरीकडची मराठी यंत्राला बऱ्यापैकी कळते. पण कळवण, बागलाण, मालेगावकडचे सभासद आणि तोडणीला येणाऱ्या पुष्कळशा टोळ्या घरात अहिराणी बोलतात. "कथा जाई राहिना?" म्हणजे 'कुठे चाललास?', यंत्राला वाटते एखादी कथा सांगायची आहे. ज्या २२ भाषांचा साठा वर सांगितला त्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या. अहिराणी त्यांत नाही. तेव्हा अहिराणी सभासदांना यंत्राशी बोलताना पाहुण्यांशी बोलावे तशी मराठी बोलावी लागेल, आणि काही वयस्कर मंडळींना ते जमणार नाही. त्यांच्यासाठी गट ऑफिसातील माणूसच पाहिजे, आणि तो राहील. 'भाषिणी'च्या 'भाषादान' या उपक्रमात कोणालाही वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो. आपल्या कॉलेजच्या मुलामुलींनी मराठीत तरी आपल्या भागाचा आवाज अवश्य द्यावा. आज यंत्राला पुण्या-मुंबईचे बोलणे जेवढे कळते तेवढे आपले कळत नाही.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांनी आपापल्या गट ऑफिसात दर मंगळवारी सकाळी, तोडणी प्रोग्राम लावून झाल्यावर, स्वतःचा मोबाईल घेऊन यावे. नेटपॅक असावा. चष्मा असल्यास आणावा. भगिनींनी अवश्य यावे, आणि मुलाला पाठविण्याऐवजी स्वतः यावे. येताना उसाची जुनी नोंद पावती बरोबर आणावी. ती मोबाईलला वाचायला लावून त्यावरील क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख तपासून घेता येईल. आणि त्यात काही फरक आढळला तर चिटबॉयला प्लॉटवर पाठवून दुरुस्ती त्याच आठवड्यात केली जाईल.